थडगं हललं, तरी कॅमेरा चालूच!

‘जगातला सगळ्यात वाईट दिग्दर्शक’ असा शिक्का बसलेल्या एड वूडच्या भयपटावर लोक तिकीट काढून हसतात. हे हसू ऐकायला तो स्वतः मात्र उरला नव्हता.

भुताचा सिनेमा बघताना घाबरण्याऐवजी तुम्ही कधी खदाखदा हसलायत? हॉस्टेलच्या रूमवर एका लॅपटॉपभोवती आठ जण कोंबलेले, पडद्यावर चेटकिणीचा विग सरकलेला, आणि तुमच्यातला तो एक जण (प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच!) दर सीनला असा काही शेरा मारतो की पुढचे डायलॉग कुणाला ऐकूच येत नाहीत. सिनेमाचं नाव आपण महिन्याभरात विसरतो. त्याची कॉमेंट्री मात्र फेअरवेलपर्यंत लक्षात राहते.

अमेरिकेत या उद्योगाचे रीतसर शो होतात. २० ऑगस्ट २००९ ला नॅशव्हिल शहरातल्या बेलकोर्ट थिएटरमध्ये मायकेल नेल्सन, केव्हिन मर्फी आणि बिल कॉर्बेट हे तीन विनोदवीर स्टेजवर आले. ‘रिफट्रॅक्स’ हे त्यांच्या कंपनीचं नाव. पडद्यावर ‘प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस’ हा जुना भयपट सुरू झाला आणि त्यासोबत या तिघांची फटकेबाजीही. तो शो अमेरिकेतल्या शेकडो थिएटरांमध्ये लाइव्ह दाखवला गेला. पन्नास वर्षांहून आधी शूट झालेल्या एका फसलेल्या सिनेमाची टिंगल ऐकायला लोक पैसे देऊन आले होते.

ही टिंगल आयत्या वेळी सुचलेली नसते बरं का. सिनेमा पुन्हा पुन्हा बघून आधी स्क्रिप्ट लिहिली जाते. कुठल्या सेकंदाला कुणी काय बोलायचं हे ठरतं. पात्रांचा संवाद आणि पुढचा विनोद यांची टक्कर होऊ नये म्हणून मधल्या रिकाम्या जागा शोधाव्या लागतात. ‘प्लॅन ९’मध्ये अशा जागांची अजिबात कमी नाही. माणसं दारातून आत येतात, थांबतात, विचार करतात, पुन्हा थांबतात. कॉमेंट्री करणाऱ्याला यापेक्षा चांगली खेळपट्टी कुठे मिळणार?

पण ही खेळपट्टी तयार केली कुणी? चला, त्या माणसाला भेटू.

कॅमेरा मिळालेला पोरगा

एडवर्ड डेव्हिस वूड ज्युनियर. जन्म १० ऑक्टोबर १९२४, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी या गावी. वडील पोस्टखात्यात नोकरीला. घरची परिस्थिती साधीच. पण लहानपणी एका वाढदिवसाला त्याला कोडॅकचा कॅमेरा मिळाला आणि पोरगं कामातून गेलं ते गेलंच. काउबॉयचे सिनेमे, भुतांचे सिनेमे, जे लागेल ते बघायचं. पुढे त्याने गावातल्या थिएटरमध्ये लोकांना सीट दाखवायचं काम धरलं. म्हणजे पगार मिळतोय आणि सिनेमाही फुकट!

१९४२ मध्ये, शाळकरी म्हणावं अशा वयात, तो मरीन दलात भरती झाला. दुसरं महायुद्ध पेटलेलं होतं आणि त्याची रवानगी पॅसिफिकमध्ये झाली. एडची आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण पुढे ती महत्त्वाची ठरणार आहे. त्याला बायकांचे कपडे घालायला आवडायचं. विशेषतः अंगोरा लोकरीचे मऊ स्वेटर. युद्धावर असतानाही युनिफॉर्मच्या आत आपण बायकांचे अंतर्वस्त्र घालायचो, आणि मरणापेक्षा जखमी होऊन डॉक्टरांच्या हाती सापडायची भीती जास्त वाटायची, असं तो नंतर मित्रांना सांगायचा.

१९४७ मध्ये तो हॉलिवूडला पोचला. ओळख नाही, पैसा नाही. पुढच्याच वर्षी त्याने सैनिकी अनुभवांवर ‘द कॅज्युअल कंपनी’ नावाचं नाटक लिहिलं, स्वतःच बसवलं आणि त्यात कामही केलं. नाटक पडलं. त्याच सुमारास एक काउबॉयपट शूट करायला घेतला, तो अर्धवट राहिला. तुमच्या-माझ्यासारख्याने इथे घरी फोन केला असता. एडने पुढचं स्क्रिप्ट लिहायला घेतलं.

चार दिवसांत स्वतःची गोष्ट

१९५२ च्या शेवटी अमेरिकेतल्या सगळ्या पेपरांत एकच खळबळ होती. क्रिस्टीन यॉर्गेन्सन ही माजी सैनिक डेन्मार्कमध्ये लिंगबदलाची शस्त्रक्रिया करून घेऊन स्त्री म्हणून जगासमोर आली होती. जॉर्ज वाइस या निर्मात्याला त्या बातमीवर झटपट कमाई करणारा सिनेमा हवा होता. हलकाफुलका, चावट, सनसनाटी. हा विषय आपल्याला आतून कळतो असं एडने त्याला पटवलं आणि काम मिळवलं.

साधारण चार दिवसांत शूटिंग उरकलं. १९५३ मध्ये ‘ग्लेन ऑर ग्लेंडा’ आला आणि निर्मात्याने मागितलं होतं ते त्यात फारसं नव्हतंच. बायकांचे कपडे घालणारा एक तरुण, होणाऱ्या बायकोला हे सांगावं की नाही या विचाराने हैराण झालेला, अशी ती गोष्ट. नायकाची भूमिका एडने दुसरं नाव घेऊन स्वतःच केली. नायिका झाली त्याची खरोखरची मैत्रीण डोलोरेस फुलर. शेवटाकडे ती आपल्या अंगावरचा अंगोरा स्वेटर काढून त्याच्या हातात देते.

सिनेमा म्हणून हे प्रकरण अगम्य आहे. मध्येच गव्यांचा कळप धावतो, मध्येच वीज कडाडते, मध्येच खुर्चीत बसलेला एक म्हातारा गूढ काहीतरी बडबडतो. तरीही १९५३ चं साल लक्षात घ्या. तेव्हा अमेरिकेत अशा पेहरावासाठी पोलिस उचलून नेऊ शकत होते. त्या काळात एक माणूस कॅमेऱ्यासमोर स्वतः उभा राहून, मी असा आहे आणि मी कुणाचं काही बिघडवत नाही, एवढंच सांगत होता. हसणाऱ्या जगाला त्याने स्वतःहून आपला पत्ता दिला होता.

ड्रॅक्युला आणि ढिम्म ऑक्टोपस

खुर्चीतला तो म्हातारा म्हणजे बेला लुगोसी. १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’ने जगभर गाजलेला हंगेरियन नट. वीस वर्षांनी मात्र त्याला कुणी दारात उभं करत नव्हतं. दुखण्यावर म्हणून घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन जडलं होतं, हाताला काम नव्हतं. लहानपणी ज्याचे सिनेमे बघून एड वेडा झाला, तो हा हिरो. एडने त्याला काम दिलं आणि मैत्रीही केली. १९५५ मध्ये लुगोसी व्यसनमुक्तीसाठी आपणहून सरकारी इस्पितळात दाखल झाला आणि काही महिन्यांनी बाहेर आला.

त्याच वर्षी दोघांचा ‘ब्राइड ऑफ द मॉन्स्टर’ झळकला. यातला पैशांचा जुगाड ऐका. ॲरिझोनातल्या एका मांस व्यावसायिकाने पैसे घातले आणि त्याचा मुलगा सिनेमाचा हीरो झाला! राक्षसाच्या भूमिकेत टॉर जॉन्सन हा स्वीडिश पैलवान. आणि क्लायमॅक्सला रबरी ऑक्टोपस. त्याचे पाय हलवणारी मोटर सेटवर पोचलीच नाही, अशी कथा सांगतात. खरं-खोटं काहीही असो, पडद्यावर दिसतं ते असं: ऑक्टोपस ढिम्म, आणि माणूसच त्याचे पाय स्वतःभोवती गुंडाळून जिवाच्या आकांताने तडफडतोय. हसू येतंच. पण त्या म्हाताऱ्या नटाचा चेहरा नीट बघा. समोर खरा राक्षस असता तरी त्याने यापेक्षा जास्त जीव ओतला नसता.

डोलोरेसने नंतर एडची साथ सोडली. पुढे तिने एल्व्हिस प्रेस्लीसाठी गाणी लिहिली आणि चांगलं नाव कमावलं.

हीरो गेला, सिनेमा सुरू

१६ ऑगस्ट १९५६ ला लुगोसी वारला. त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यातच पुरण्यात आलं. एडकडे त्याचं थोडंसं मूक चित्रीकरण पडून होतं. घराबाहेर फूल हुंगणारा लुगोसी, झगा पसरून चालणारा लुगोसी, बस्स. त्यावर एडने आख्खा सिनेमा उभा करायचं ठरवलं!

गोष्ट अशी: माणूस एक दिवस असा बॉम्ब बनवेल की सूर्यप्रकाशाचाच स्फोट होऊन विश्व नष्ट होईल, या भीतीने परग्रहावरचे लोक पृथ्वीवर येतात. त्यांचं कुणी ऐकत नाही म्हणून ते मेलेल्यांना उठवून चालवायची योजना आखतात. नववी योजना, म्हणून ‘प्लॅन ९’. प्रत्यक्षात उठतात फक्त तीन मुडदे, कारण बजेट! अंदाजे साठ हजार डॉलरमध्ये सगळं बसवायचं होतं.

पैसे घातले जे. एडवर्ड रेनॉल्ड्स या बाप्टिस्ट पंथाच्या माणसाने. भयपटातून नफा झाला की धार्मिक सिनेमे काढायचे, असा त्याचा हिशोब. सिनेमाचं मूळ नाव होतं ‘ग्रेव्ह रॉबर्स फ्रॉम आउटर स्पेस’. त्यातले कबरचोर या मंडळींना खटकले, म्हणून नाव बदललं. एड आणि टॉर जॉन्सनसह काही जणांनी तर बाप्तिस्माही घेतला. एवढ्या अजस्र पैलवानाला पाण्यात बुडवायचं म्हणून हा सोहळा एका स्विमिंग पूलमध्ये पार पडला. खुद्द रेनॉल्ड्स सिनेमात कबर खोदणाऱ्याच्या भूमिकेत दिसतो.

आता लुगोसी नाही, मग उरलेल्या सीनचं काय? एडच्या बायकोवर, कॅथीवर, मणक्यांचे उपचार करणारे टॉम मेसन होते. एडने त्यांनाच उभं केलं. ते लुगोसीपेक्षा उंच आणि वयाने लहान. चेहऱ्यात साम्य शून्य. उपाय? झगा नाकापर्यंत ओढून धरायचा आणि सिनेमाभर तसंच फिरायचं.

बाकीची टीमही अशीच गोळा केलेली. टीव्हीवर रात्री उशिरा भयपटांची ओळख करून देणारी व्हॅम्पायरा, म्हणजे मैला नुर्मी, दोनशे डॉलरवर आली आणि आपल्याला एकही संवाद नको अशी अट घालून मुकाट चालत राहिली. निवेदनाला क्रिसवेल, चुकणाऱ्या भविष्यवाण्यांसाठी प्रसिद्ध असलेला टीव्हीवरचा भविष्यवेत्ता. विमानाचं कॉकपिट म्हणजे दोन खुर्च्या आणि मागे पडदा. माणूस घाईने गेला की स्मशानातली थडगी डुलतात. एकाच प्रसंगात एका शॉटला रात्र, पुढच्याला लख्ख दुपार. पोलिस अधिकारी भरलेलं पिस्तूल हातवारे करायला वापरतो.

असं का व्हायचं? पैसा नव्हता हे एक. दुसरं कारण एडचा स्वभाव. त्याला थांबवत नव्हतं. थडगं हललं तर पुन्हा टेक घ्यायचा, ही गोष्ट त्याला वेळेचा अपव्यय वाटायची. त्याच्या डोक्यात सिनेमा आधीच तयार झालेला असायचा आणि पडद्यावर त्याला तोच दिसत असावा. हट्ट अफाट होता, पण हातातल्या कामाकडे परक्याच्या नजरेने बघायची सवय त्याला कधी लागलीच नाही. त्याच्या हट्टाचं कौतुक करताना हेही मान्य करायला हवं.

१५ मार्च १९५७ ला लॉस एंजेलिसच्या कार्लटन थिएटरमध्ये ‘प्लॅन ९’ पहिल्यांदा दाखवला गेला. वितरक मिळून तो सगळीकडे पोचायला आणखी वेळ गेला. कुणी फार दखल घेतली नाही. साठच्या दशकात तो टीव्हीवर रात्री-बेरात्री लागायचा, बस एवढंच.

उतार

यानंतरची गोष्ट वाचायला मजा येत नाही. पुढचा सिनेमा ‘नाइट ऑफ द घोल्स’ तयार झाला, पण लॅबचं बिल भरायला पैसे नव्हते, म्हणून त्याची रिळं वर्षानुवर्षं अडकून पडली. तो लोकांसमोर आला १९८० च्या दशकात, एड गेल्यानंतर. मधल्या काळात दारू वाढली. पोटासाठी एड स्वस्तातल्या चावट कादंबऱ्या लिहू लागला, एक-दोन नाही, डझनांनी. लिहायचा स्पीड जबरदस्त, मोबदला तुटपुंजा. शेवटी शेवटी अश्लील सिनेमे.

डिसेंबर १९७८ मध्ये हॉलिवूडच्या युका स्ट्रीटवरच्या घराचं भाडं थकलं आणि एड-कॅथीला बाहेर काढलं गेलं. आयुष्यभराचे बरेचसे कागद मागेच राहिले. एका मित्राच्या घरी आसरा मिळाला. तिथेच १० डिसेंबर १९७८ ला हृदयविकाराने तो गेला. वय फक्त ५४.

आणि मग हशा पिकला

दोनच वर्षांनी, १९८० मध्ये, मायकेल आणि हॅरी मेडव्हेड या भावांचं ‘द गोल्डन टर्की अवॉर्ड्स’ हे पुस्तक आलं. त्यात ‘प्लॅन ९’ ठरला आजवरचा सगळ्यात वाईट सिनेमा आणि एड वूड सगळ्यात वाईट दिग्दर्शक. चेष्टेचा पुरस्कार होता, पण परिणाम उलटाच झाला. जो सिनेमा कुणाला माहीत नव्हता, तो बघायला थिएटरांत रांगा लागल्या.

२४ नोव्हेंबर १९८८ ला मिनिआपोलिसच्या एका लोकल टीव्ही चॅनेलवर जोएल हॉजसनचा ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ सुरू झाला. एक माणूस आणि त्याचे रोबो प्रेक्षागृहात बसलेत, पडद्याच्या खालच्या कडेला त्यांच्या सावल्या दिसतायत, आणि ते भिकार सिनेमावर शेरे मारतायत, अशी आयडिया. हिट झाली. १९९३ मध्ये एडच्या त्या ढिम्म ऑक्टोपसचाही नंबर लागला. नॅशव्हिलच्या स्टेजवर आलेले ते तिघं याच कार्यक्रमात तयार झालेले.

१९९४ मध्ये टिम बर्टनने जॉनी डेपला घेऊन ‘एड वूड’ हा कृष्णधवल चरित्रपट काढला. लुगोसीच्या भूमिकेसाठी मार्टिन लँडाऊला ऑस्कर मिळालं. तिकीटबारीवर मात्र सिनेमा पडला. एडच्या नावाला साजेसंच म्हणायचं! १९९८ मध्ये तर त्याच्या एका जुन्या स्क्रिप्टवर नवा सिनेमा निघाला, ‘आय वोक अप अर्ली द डे आय डाइड’. इतकी वर्षं निर्माता शोधत फिरणाऱ्या माणसाला तो मेल्यावर वीस वर्षांनी मिळाला.

मग हसायचं की नाही?

हसायचं की! ‘प्लॅन ९’ बघून हसू न येणाऱ्याची तब्येत दाखवून घ्यावी लागेल. पण एक गोष्ट तपासून बघा. मुद्दाम वाईट बनवलेल्या सिनेमावर अशी कॉमेंट्री रंगत नाही. तिथे दिग्दर्शक आधीच डोळा मारून मोकळा झालेला असतो, तुमच्या विनोदाला जागाच उरत नाही. नुसत्या कंटाळवाण्या सिनेमावरही ती चालत नाही. स्टेजवरच्या तिघांना लागतो पूर्ण गांभीर्याने केलेला, पूर्ण फसलेला सिनेमा. बॉम्बच्या भीतीबद्दल काहीतरी मोठं सांगायला निघालेला आणि वाटेत थडग्याला अडखळलेला. नॅशव्हिलची ती सगळी फटकेबाजी एडच्या भाबडेपणावर उभी आहे.

म्हणून रेघ कुठे ओढायची, हे एडच्याच दोन सिनेमांतून कळतं. पुठ्ठ्याचं थडगं हललं, झग्याआड भलताच माणूस निघाला, यावर बिनधास्त हसा. ती कामातली चूक आहे आणि काम लोकांसमोर मांडलं की टोमणे येणारच. पण अंगोरा स्वेटर हातात घेऊन उभ्या असलेल्या ‘ग्लेन’ला बघून कुणी फिदीफिदी हसत असेल, तर ते हसू कामावरचं नाही, माणसावरचं आहे. कॉलेजच्या एकांकिकेत कुणाची मिशी स्टेजवर गळून पडणं आणि कुणाच्या बायकी आवाजावरून मागच्या रांगेतून हुर्यो येणं, यातला फरक आपल्याला कळतोच की. कळूनही आपण कधी कधी हसतो, तेवढाच काय तो लोचा.

‘प्लॅन ९’ ऑनलाइन सहज सापडतो, जेमतेम सव्वा तासाचा आहे. आधी कॉमेंट्रीशिवाय, एकट्याने बघा. मग ग्रुप जमवा, लाइट घालवा आणि तुमच्यातल्या त्या एकाला सुरू करू द्या. सुरुवातीच्या नामावलीत लेखक, निर्माता, दिग्दर्शक म्हणून एकच नाव येतं. तेवढ्यापुरतं त्याला गप्प बसायला सांगा.